अडीच फूट

नाना, चावडीचा दगड हललेला आहे. तुमचा दगड, कालव्याच्या मोजणीत तुम्ही उंचीची खूण कोरलेला. हे वाक्य मी गेले नऊ दिवस मनात म्हणते आहे आणि अजूनही ते मला खरं वाटत नाही. आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. म्हणाली, "दगडाला काय झालंय हलायला?" आणि मग माझ्या तोंडाकडे बघून तिने परात बाजूला सरकवली. तुम्ही असतात तर आधी मलाच धारेवर धरलं असतं, की स्टाफची पट्टी सरळ धरली होती का, बुडबुडा मध्ये होता का, किती वेळा बघितलंस. तीन वेळा बघितलं, नाना. तीन वेगळ्या दिवशी, एकदा सकाळी आणि दोनदा दुपारनंतर, ऊन उतरल्यावर. तिन्ही वेळा तोच आकडा. दगड त्याच्या नोंदलेल्या उंचीपेक्षा अडीच फूट वर आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, म्हणून पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. मी आता जळगावात एका छोट्या खासगी कार्यालयात आहे. आमच्याकडे नदीकाठच्या गावांच्या पूररेषा पुन्हा तपासायचं काम आलं आहे. यादीत पांझरेकाठचं ते गाव बघितलं तेव्हा मी सरांना मुद्दाम म्हटलं, हे मला द्या, तिथलं पहिलं काम माझ्या वडिलांनी केलंय. किती ऐटीत म्हटलं मी ते! निळ्या रेषेच्या आत घराला परवानगी मिळत नाही, तिच्या वर मिळते, आणि त्या गावची निळी रेषा तुम्ही मोजलेल्या पुराच्या पातळ्यांवरून आखलेली आहे. मला वाटलं होतं, मी जाईन, तुमचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळतील, आणि बसमधून परत येताना मला बरं वाटेल. एवढीच माझी इच्छा होती.

मला हे सगळं कॉलेजात जायच्या आधीच येत होतं, आपल्या धुळ्याच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात शिकलेलं. तुम्ही गवंड्याकडची पारदर्शक नळी आणली होती, ती पाण्याने भरून एक टोक माझ्या हातात ओट्यापाशी आणि दुसरं टोक स्वतः धरून दाराच्या चौकटीपाशी बसला होतात. दोन्हीकडचं पाणी थांबलं की पेन्सिलने खूण करायची. फरशीला दाराजवळच्या मोरीकडे उतार होता, त्यामुळे माझी खूण जमिनीपासून कमी उंच आणि तुमची जास्त, आणि तरी दोन्ही खुणा एकाच उंचीच्या. मला ते कितीतरी वेळ पटेना. आई म्हणाली, "कालवा काढताय का इथून? काढायचा तर मोरीकडनं काढा, माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहताहेत." तुम्ही हसलात, पण नळी सोडली नाहीत. म्हणालात, जमिनीवर विश्वास ठेवून उंची मोजायची नसते. समुद्र घाटांच्या पलीकडे आहे, त्याची सपाटी कोणीतरी दगडादगडाने मोजत इथवर आणून ठेवली आहे, त्या दगडाला विचारायचं.

आणि एकदा तुम्ही मला रागावला होतात. मी नववीत होते, सुट्टीत कॉलनीभोवती लेव्हल, तुमची उंची मोजायची दुर्बीण, फिरवून आणली, आणि जिथून निघाले तिथे परत आल्यावर उंची थोडी चुकत होती. मी मधला एक आकडा हळूच बदलला. तुम्हाला ते वही न वाचताच कळलं, माझ्या तोंडावरून. तुम्ही ओरडला नाहीत. वही मिटलीत आणि म्हणालात, "उद्या पहाटे परत जा. जिथून निघालीस तिथेच परत ये, आणि जे येईल ते लिही. फेरी जुळत नसेल तर न जुळलेली वही घेऊन ये, मी तुला चहा करून देईन. जुळवलेली आणलीस तर देणार नाही." दुसऱ्या दिवशी मी न जुळलेली वही आणली होती आणि तुम्ही खरंच चहा केला होता, फार गोड. मी अजूनही याच एका गोष्टीवर जगते, नाना. निघालेल्या खुणेवर परत यायचं. आलो की काम खरं.

तर त्या गावात आम्ही उपग्रहाचं यंत्र लावलं. तुमच्या काळात ते नव्हतं. ते उंची सांगतं, पण समुद्रापासूनची नाही, पृथ्वीचा एक गुळगुळीत काल्पनिक आकार धरतात त्याच्यापासूनची. आपल्याकडे ती फार कमी येते, कित्येक मीटरची भर घालून समुद्रसपाटीशी जुळवावी लागते. म्हणून आम्ही हायवेच्या पुलावरच्या सरकारी चिन्हावर यंत्र जुळवलं आणि मग पडताळा म्हणून चावडीच्या दगडावर गेलो. दगड पाऊण मीटर जास्त दाखवायला लागला. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "उपग्रहाची उंची तशीच टाकलीत की काय, मॅडम?" मी म्हटलं, "तसं असतं तर अख्खं गाव पाताळात गेलं असतं, सर. हे फक्त अडीच फूट आहे." ते म्हणाले, "मग वडिलांना विचारा," आणि लगेच "सॉरी" म्हणाले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मीच हसले.

तुम्हाला विचारता येत नाही म्हणून मी धुळ्याला येऊन तुमची पेटी उघडली. मोजणीच्या कच्च्या वह्या तुम्ही सालवार बांधून ठेवल्या होत्या. पुराच्या वर्षाची वही मिळाली आणि तिच्यातलं अक्षर माझं होतं.

मी विसरले होते, असं कसं म्हणू? विसरले नव्हते, पण आठवण म्हणजे छत्री होती. मी सहावीत होते, पूर ओसरून आठवडा झाला होता, शाळेला सुट्टी दिलेली, आणि तुम्ही मला जीपमधून बरोबर नेलं होतं. तुमच्याबरोबरचा लेखनिक तापाने पडला होता आणि थांबायला वेळ नव्हता, कारण लोक भिंती धुवायला लागले होते. भिंतीवरची गाळाची रेघ धुतली गेली की पाणी कुठवर आलं होतं ते कोणीच सांगू शकलं नसतं. मी एका हाताने लेव्हलवर छत्री धरते आहे, दुसऱ्या हाताने मांडीवरच्या वहीत आकडे लिहिते आहे, तुम्ही डोळा लावून आकडा सांगता, मी तो परत म्हणते, तुम्ही "हं" म्हणता. सगळ्या गावात गाळ, चावडीसमोर तर ओट्यापर्यंत ढीग. चावडीच्या पायऱ्याच दिसत नव्हत्या. गावातल्या एकाने फावड्याने दगडापुढचा गाळ ओढला, तांब्याने पाणी ओतलं, आणि आडव्या रेघेखालचा बाण दिसला. तुम्ही विचारलंत, "दगड तोच ना?" सरपंच म्हणाले, "तोच, नाना. तुमचाच." आपण त्या दगडापासून निघालो, सव्वीस घरांच्या भिंतींवरच्या रेघा मोजल्या आणि संध्याकाळी त्याच दगडावर परत आलो. फेरी इतकी जुळली की तुम्ही वही माझ्या हातातून घेऊन पुन्हा बेरीज केलीत. धुळ्यात शिरताना तुम्ही मला जिलबी घेऊन दिली होतीत आणि जीपवाल्याला सांगितलं होतं, आज वही हिने लिहिलीय.

ते सरपंच आता आबा झाले आहेत. थकले आहेत, पण आवाज तसाच. तिसऱ्या खेपेला मी चावडीपाशी यंत्र लावत होते तेव्हा काठी टेकत आले आणि म्हणाले, "कोन शे वं बाई तू? किती डाव मोजशी?" मी तुमची मुलगी, असं सांगितलं. "नानानी आंडेर शे तू? आरे देवा! येवढीशी व्हती, छत्री धरीसन ऱ्हाये. चाल, पहिले चहा पी. दगड काय पळी जावाव नही."

मी ओट्यावर बसले. खाली बघितलं तर आता गाळ नव्हता आणि चावडीला पाच पायऱ्या होत्या, नाना. वरच्या तीन सिमेंटच्या. मी विचारलं, "आबा, चावडी कधी नवी केली का?"

"कवयच! पूर उना तेना पहिलेना सालले. जुनी खाले व्हती, पावसामा पानी घुसे. मी सरपंच व्हतू तवय. ओटा उचला चांगला अडीच फूट."

पुराच्या आदल्या वर्षी, अडीच फूट. मला त्यांचं पुढचं ऐकायचं नव्हतं. तरी मी विचारलं, "आणि दगड?"

"दगडले कोनले हात लाऊ दिधा का मी?" आबांची छाती फुगली होती. "तुना बाप सांगी जायेल व्हता, सरपंच, हाऊ दगड जपज्यात, फोडू नका, फेकू नका. गवंडी म्हने फेकी द्यूत. मी म्हनं, पहिले तुले फेकसू! पहार लाईसन काढा, पानीघाई धुवा, अन् मी सोता उभा ऱ्हाईसन नवा ओटामा बसाडा. बान बरोब्बर वरे. देख ना, हाललाबी नही."

मी हातातला कप ओट्यावर ठेवला. मला समोरचं सगळं दिसत होतं, पिंपळाखालची दुचाकी, शेळी, आबांचे आनंदी डोळे, आणि काहीच ऐकू येत नव्हतं. कालव्याच्या मोजणीच्या वेळी तुम्ही त्यांना दगड जपायला सांगितलं होतं. त्यांनी जपला, काढून, धुऊन नव्या उंच ओट्यात बसवला. तुम्ही सांगितलं नसतं तर तो फुटला असता, फेकला गेला असता, आणि पुरानंतर आल्यावर तुम्हाला कळलं असतं की इथे आता खूण नाही, पुलापासून मोजत यायला हवं. तुमचं ऐकणारा माणूस भेटला म्हणून हे झालं. आणि आपली ती जुळलेली फेरी! ज्या दगडापासून निघालो त्याच दगडावर परत आलो, तर दगड आकाशात टांगला असता तरी फेरी जुळलीच असती. इतकं साधं आहे हे. मी नववीपासून आजपर्यंत एकदाही असा विचार केला नव्हता. तुम्ही केला नव्हता का?

मग मी ज्याची भीती होती ते गणित केलं. दगड अडीच फूट वर गेला आणि वहीत त्याची उंची जुनीच राहिली, म्हणजे तुम्ही मोजलेली पुराची प्रत्येक पातळी खऱ्यापेक्षा अडीच फूट कमी. सगळंच त्या दगडापासून मोजलं असतं तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या असत्या. पण जमिनीच्या उंच्या दुसऱ्या नकाशातून घेतल्या होत्या, पुलावरच्या चिन्हापासून मोजलेल्या, बरोबर. पाणी एका शून्यापासून, जमीन दुसऱ्या शून्यापासून, आणि दोन्ही एका कागदावर. निळी रेषा नदीकडे सरकली. जुन्या गावात फरक पडला नाही, तिथे पाणी कुठवर येतं ते भिंतींना माहीत आहे. पण गावाच्या खालच्या अंगाला शेतं होती, शेतात भिंत नसते. तिथे आता प्लॉट पडले आहेत, परवानगी घेऊन बांधलेली घरं आहेत. मी आबांना विचारलं, तुमचं घर कोणतं? त्यांनी काठीने खाली दाखवलं. "ते निळा गेटनं. दोन्ही पोरे तठेच ऱ्हातस. मनी बायको म्हने, तठे पानी उनं व्हतं, ज्वारी बुडेल व्हती. मी म्हनं, गप बस, नाना मोजी गयथा. नकाशामा नही शे."

मी यंत्र आवरलं. बस पकडली. धुळ्यापर्यंत माझ्या शेजारी एक बाई केळ्यांचा घड मांडीवर घेऊन बसली होती आणि मला सारखं विचारत होती, "ताई, बरं वाटत नाही का?"

सरांनी सगळे आकडे स्वतः पुन्हा तपासले. एक पूर्ण दिवस ते माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले होते. मग चष्मा काढून म्हणाले, "सगळ्या पातळ्यांना अडीच फूट लावा आणि रेषा नव्याने काढा. हे लवकर कळवायला हवं, पावसाळा लांब नाही. आणि हे बघा, वडिलांचं नाव लिहायची गरज नाही. 'पूर्वीची मोजणी' लिहा." मी म्हटलं, "वहीची पानं जोडावी लागतील सर, पुरावा म्हणून." ते म्हणाले, "जोडा." नवी रेषा काढली. आबांचं घर आत आलं. त्यांच्यासकट चौदा घरं आत आली.

कार्यालयाचं पत्र जायच्या आधी मी स्वतः जाऊन सांगावं असं मला वाटलं. परवा गेले. निळ्या गेटचं घर नवं आहे, दारात तुळस, आत दोन लहान मुली जमिनीवर पालथ्या पडून चित्रं रंगवत होत्या. मी आबांना सगळं सांगितलं, वाक्यं मनात पाठ केली होती ती सगळी विसरले आणि कसंही सांगितलं.  आतून त्यांच्या बायकोचा, अक्कांचा आवाज आला, "मी सांगं व्हतं ना! मनं कोन आयकस?"

"तू थांब वं." आबांनी मला विचारलं, "आठे कितलं पानी येई?"

"तसाच पूर आला तर कमरेएवढं, आबा. पाऊस सुरू झाला की मुलींना वरच्या गावात झोपवा. जिन्याचं, गच्चीचं काय करता येईल ते आमचे सर येऊन सांगणार आहेत. पण वाट बघू नका."

त्यांनी मान हलवली. मुलींकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "एक सांग बाई. नानाले माहीत व्हतं का, दगड उचलेल शे ते?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना माहीत नव्हतं."

"मंग ती चूक मनी," आबा म्हणाले. "दगड मी उचला. नाना इचारे तवय मी म्हनं तोच शे. उचला ते सांगं नही." मी म्हटलं, तुमची चूक नाही आबा, तुम्ही तर जपला. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. अक्का बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसल्या आणि त्यांची काठी आपल्या मांडीवर घेतली. हेच मला सहन झालं नाही.

नाना, हे पत्र मी कशासाठी लिहिते आहे ते मला आता कळतंय. वर मी एक गोष्ट लिहिली नाही. तुमच्या कच्च्या वहीत, माझ्या सहावीतल्या अक्षरात जिथे दगडाची उंची आहे, तिच्याशेजारी पेन्सिलने एक छोटं प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. ते माझं नाही. तुमच्या प्रश्नचिन्हाला पोटाशी एक जादा वळसा असतो. त्या संध्याकाळी काढलंत, की रेषा मंजूर झाल्यावर, की निवृत्तीनंतर कधीतरी पेटी आवरताना, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला शंका आली होती आणि तुम्ही परत गेला नाहीत, की गेला होतात आणि कोणी ऐकलं नाही, की सहज पेन्सिल टेकली, हेही सांगता येत नाही. मी ते पेटी उघडली त्याच दिवशी बघितलं होतं. आबांनी विचारलं तेव्हा मला ते ठाऊक होतं, आणि मी "नाही" म्हटलं, एका क्षणात, आणि त्यांनी चूक आपल्या डोक्यावर घेतली.

हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे. अहवाल काल गेला. त्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. आकडे स्वच्छ आले आहेत, पेन्सिल फिकट होती, ती उमटली नाही. दुकानदाराने विचारलं होतं, ताई, गडद करून परत काढू का? मी म्हटलं, नको, चालेल.